रोहित्राचे तेल आणि आपली विहीर



मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी एका गावाहून निरोप आला, बैल विहिरीचे पाणी तोंडात घेईनात. आम्ही शेतकी शिकलेले. बैल पाणी पीत नाही म्हटले की आमच्या डोक्यात आधी फवारणीचे औषध येते. कुणीतरी पंप विहिरीवर धुतला असेल, असे मनाशी धरून आम्ही गेलो. पाहतो तर पाण्यावर तेलाचा तवंग, उन्हात सात रंग दाखवणारा. पोहरा वर काढला तर त्याच्या कडेला बोटाला लागेल एवढे तेल. नाल्याच्या काठाने वर चालत गेलो. काठावरचे गवत काळे पडलेले, नाल्यालगतच्या एकरभर रानात नुकतीच टोबलेली सरकी चिखलासकट तेलात माखलेली. माग जिथे संपला तिथे तारेचे कुंपण होते आणि आत विजेचे उपकेंद्र.

उपकेंद्रातले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा दिला. म्हणाले, ट्रान्सफॉर्मरचा एक व्हॉल्व्ह बरेच दिवस झिरपत होता, वर कळवले होते, गॅस्केट आले नव्हते. तेल खालच्या खड्ड्यात पडत होते, पावसाने वाहिले. पाऊस काही आमच्या हातात नाही.

पाऊस त्यांच्या हातात नाही हे खरे. पण खड्डा कुणाच्या हातात होता? या अंकात आम्ही त्या खड्ड्याबद्दल लिहीत आहोत. कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी सोडून संपादक खड्ड्याच्या मागे का लागले, असे कुणाला वाटेल. वाचून झाल्यावर ठरवा.

आधी हे तेल काय असते ते पाहू. आपण ज्याला डीपी म्हणतो आणि सरकारी कागदात ज्याला रोहित्र म्हणतात, त्याच्या पत्र्याच्या टाकीत तारेची वेटोळी तेलात बुडवलेली असतात. तेलाची कामे दोन. वेटोळ्यांमध्ये ठिणगी पडू द्यायची नाही आणि त्यांची उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत आणून सोडायची. बहुतेक ठिकाणी हे खनिज तेल असते, म्हणजे डिझेलच्याच घराण्यातले, पण खूप शुद्ध केलेले. शेतातल्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीत ते बनावटीप्रमाणे शंभर ते दोनशे लिटरच्या आसपास असते. गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या ५ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये अडीच-तीन हजार लिटर. तालुक्याच्या मोठ्या केंद्रात एकेका टाकीत दहा-वीस हजार लिटर आणि त्याच्याही पुढे.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी साहेब आपल्याला अडाणी ठरवतील. नवे खनिज तेल हे एंड्रीनसारखे विष नव्हे. एक घोट पोटात गेला म्हणून बैल मरत नाही. पण रानात पडले की ते काय करते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मातीच्या कणावर त्याचे लुकण चढते. पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, वरून पाऊस पडला तरी आतली माती कोरडी राहते. पुढे मातीतले जिवाणू ते तेल खायला लागतात, पण नुसत्या तेलावर त्यांचे भागत नाही, त्यांना नत्र लागते, आणि ते नत्र ते पिकाच्या तोंडचे काढून घेतात. म्हणून अशा जागी उगवलेली पऱ्हाटी पिवळी पडते आणि आपण समजतो की युरिया कमी पडला.

त्यात आपली माती काळी. मुरमाड रानात तेल पडले तर निदान दिसते तरी. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दोन-दोन, तीन-तीन फूट खोल. मे महिन्यात गळलेले तेल त्या भेगांतून सरळ खाली उतरते. मृगात माती फुगते, भेगा मिटतात आणि तेल आत कोंडले जाते. वरून वखर फिरवा, काही कळत नाही. खाली मुरूम आणि चिरलेला कातळ. त्या चिरांतून विहिरीचे झरे येतात, तेलही त्याच वाटेने येते. तेल पाण्यापेक्षा हलके, लिटरला साडेआठशे ते नऊशे ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी, म्हणून ते कायम वर तरंगते. ही एवढी साधी गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे, लक्षात ठेवा.

जुन्या तेलाची गोष्ट वेगळी. पूर्वी काही विद्युत उपकरणांत पीसीबी नावाचे रसायन भरत, कारण ते पेटत नसे. ते मातीत वर्षानुवर्षे कुजत नाही आणि चरबीत साठत जाते. तेल भरण्याच्या त्याच नळ्या, त्याच टाक्या वापरल्यामुळे ते साध्या तेलातही थोडेथोडे मिसळले गेले. भारत सरकारने २०१६ मध्ये आदेश काढून त्याचे उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठरवली. तुमच्या बांधावरच्या जुन्या डीपीतले तेल कुणी तपासले आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बेल्जियम देशात १९९९ साली काय झाले ते ऐका. जानेवारी महिन्यात ट्रान्सफॉर्मरचे टाकाऊ, पीसीबी असलेले तेल जुन्या चरबीच्या टाकीत मिसळले गेले. ती चरबी पशुखाद्याच्या कारखान्यांत गेली आणि ते खाद्य अडीच हजारांवर शेतकऱ्यांच्या गोठ्यांत आणि खुराड्यांत. पीसीबी सारे मिळून सुमारे पन्नास किलो. अंडी उबेनात, पिल्ले मरू लागली. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, देशोदेशींनी तिथले मांस आणि अंडी परत पाठवली. जूनमध्ये शेतीमंत्री आणि आरोग्यमंत्र्यांनी राजीनामे दिले, त्याच महिन्यात निवडणूक होऊन सरकार गेले. मंत्री काय, पुन्हा होतात. ज्याचा कोंबड्यांचा कळप गाडला गेला त्या शेतकऱ्याने तेल पाहिलेसुद्धा नव्हते.

आता खड्ड्याकडे येऊ. ही माहिती आपल्याला कुणी देत नाही, म्हणून जरा सविस्तर.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम काढले. त्यांत लिहिले होते, की दोन हजार लिटरपेक्षा जास्त तेल असेल तिथे तेलासाठी शोषखड्डा पाहिजे, आणि एका टाकीत नऊ हजारांपेक्षा जास्त असेल तर सांडलेले तेल वाहून नेण्याची, आग पसरू न देण्याची वेगळी व्यवस्था पाहिजे. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. म्हणजे तुमच्या गावाजवळच्या अडीच-तीन हजार लिटरच्या ट्रान्सफॉर्मरखाली खड्डा असणे ही मेहेरबानी नाही, तो कायदा आहे.

पण या शोषखड्डा शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे. आपल्याकडे शोषखड्डा म्हणजे मोरीचे पाणी जमिनीत जिरवण्याचा खड्डा. ठेकेदारालाही तेवढेच माहीत. तो चार फूट खणतो, बाजूने विटा लावतो, गिट्टी ओततो, तळ उघडा ठेवतो आणि बिल काढतो. अशा खड्ड्यात पडलेले तेल खरोखरच शोषले जाते आणि ते तुमच्या विहिरीत शोषले जाते! तेलाचा खड्डा जिरवण्यासाठी नसतो, धरून ठेवण्यासाठी असतो. त्याला तेलटाके म्हणावे असे आम्हाला वाटते. शब्द बरोबर असला तर ठेकेदाराला सबब राहणार नाही.

टाके केवढे असावे? हा हिशेब शाळेतले पोरही करील. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल ३,००० लिटर, तर तेवढे सगळे मावले पाहिजे, कारण टाकी फुटते तेव्हा अर्धी फुटत नाही. टाके उघड्यावर, म्हणून पावसाचे पाणी धरा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. टाके ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, म्हणजे २० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवा नाही. तेव्हा २,००० लिटर पाणी. दोन्ही मिळून ५,००० लिटर, म्हणजे ५ घनमीटर. पण टाक्यात गिट्टी असते आणि पोकळी फक्त गिट्टीच्या सांदीत, शंभरात साधारण चाळीस. तेव्हा ५ घनमीटर मावायला साडेबारा घनमीटरचे टाके लागेल. २० चौरस मीटरवर त्याची खोली झाली दोन फुटांच्या थोडी वर. मधला चौथरा जागा खातो आणि आग विझवायला मारलेले पाणीही कुठेतरी राहायला हवे, म्हणून अडीच-तीन फूट धरावी. आमच्या बैल न पिणाऱ्या गावात आम्ही पहार घालून मोजले, अर्थात साहेबांच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसासमोर. गिट्टी हातभर, आणि निम्म्या सांदी मातीने बुजलेल्या. वर गाजरगवत.

गिट्टी कशाला मग, नुसते टाके का नको? कारण आग. जळते तेल गिट्टीतून खाली उतरताना थंड होते, खाली हवा मिळत नाही, आग विझते. नुसत्या उघड्या टाक्यात तेल पेटले तर ती कढई होते. पण गिट्टीत माती भरली की पोकळी गेली. दर काही वर्षांनी ती काढून धुऊन परत भरावी लागते. हे काम कुणाच्या नावावर आहे हे विचारा, उत्तर मिळणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि घात तिथेच झाला होता. तेल हलके, ते वर. टाक्यात तेल पडलेले आहे, वरून पाऊस पडतो. पाणी खाली जाऊन बसते आणि तेलाला वर उचलते. टाके भरून वाहू लागले की आधी बाहेर पडते ते तेल. पाणी सगळे आत आणि तेल नाल्यात! म्हणून बाहेर जाण्याची वाट कधी वरून ठेवायची नसते. पाणी तळातून घ्यायचे. तळाशी तोंड असलेला नळ आतून वर चढवून मग बाहेर काढला, की खालचे पाणी निघत राहते आणि वरचे तेल आत अडते. मोठ्या केंद्रात यासाठी मधे भिंत घातलेला वेगळा हौद असतो. भिंत वरून बंद, खालून फट. हेही जमत नसेल तर साधा व्हॉल्व्ह. पण तो कायम बंद, आणि पाऊस झाला की माणसाने पाहायचे, तवंग नसेल तर उघडायचा, पाणी सोडून परत बंद करायचा आणि वहीत लिहायचे. उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह म्हणजे टाकेच नाही.

तिसरी गोष्ट आमच्या विषयातली, म्हणजे मातीची. काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला विचारा, भिंत का तडकते. माती फुगते, आक्रसते. विटांचे टाके काळ्या मातीत दोन पावसाळ्यांत चिरते. तळाखालची काळी माती काढून मुरूम ठोकून भरायचा, त्यावर लोखंडी सळ्यांचे काँक्रीट घालायचे, हाच मार्ग. टाके धरते की नाही याची परीक्षाही सोपी. वीज कंपनीच्या माणसाने पंचांसमोर टाक्यात पाणी भरावे, खूण करावी, दुसऱ्या दिवशी पाहावे. रात्रीतून पाणी गायब झाले तर तेलही होणार. एवढे मात्र बजावून सांगतो, की कुंपणाच्या आत आपण होऊन कुणीही पाय ठेवू नये. तेलासाठी जीव द्यायचा नाही.

आता शेतातली छोटी डीपी. दोन हजार लिटरचा नियम तिला लागत नाही. प्रत्येक डीपीखाली काँक्रीटचे टाके बांधा अशी मागणी आम्ही करणार नाही. ती मान्य झाली तर डीपी जळाल्यावर दुसरी यायला आधीच लागणाऱ्या दिवसांत टाक्याच्या निविदेचे दिवस मिळवले जातील. अमेरिकेतही हा प्रश्न आला होता. तिथे २००६ साली नियम बदलून अशा चालू उपकरणांसाठी दुसरी वाट दिली. टाके नसेल तर ठरावीक काळाने तपासणी, सांडल्यावर काय करायचे याचा लेखी आराखडा आणि त्यासाठी माणूस-साहित्य देण्याची लेखी हमी. यातली मेख 'लेखी' या शब्दात आहे. आपल्या डीपीसाठी आम्ही एवढेच मागतो. विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर जागा. भोवती मुरमाचा चौथरा आणि वीतभर उंचीचा बांध. वर्षातून दोनदा, एकदा मृगाआधी, व्हॉल्व्ह आणि बुशिंगची पाहणी. आणि जुने तेल कुठे नेले याची पावती. बांध घालणे तर आपण पिढ्यानपिढ्या करतो. पाणी अडवायला धुरा घालतो, तेल अडवायला का नाही?

पावतीचे म्हटले ते उगीच नाही. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते. ते परवानाधारकाकडेच गेले पाहिजे. प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळे जाणतो. डीपी उतरवली की तेल डब्यांत निघते. थोडे वेल्डिंगवाल्याकडे, थोडे कुणाच्या गाडीच्या चाकाला, थोडे आजीच्या गुडघ्याला आणि उरलेले नाल्यात. रात्री डीपीचे तेल चोरणारे बाहेरगावचे असतात असे आपण म्हणतो. विकत घेणारे मात्र गावचेच निघतात. हे आम्ही सभेत बोललो तेव्हा दोन-चार जण उठून गेले. जाऊ देत. ज्या तेलात काय आहे हे कुणाला माहीत नाही ते बैलाच्या खांद्याला चोळू नका, एवढे ऐकले तरी पुरे.

कोरडवाहूवाला म्हणेल, आमच्याकडे मोटार नाही, मीटर नाही, आमचा काय संबंध? भाऊ, वीज तुझ्याकडे येत नाही, पण तेल उताराने येते. ज्याच्याकडे चार विहिरी आहेत तो एक सोडून देईल. तुझ्याकडे पिण्याला आणि ढोरांना मिळून एकच आहे.

आणि आता तर प्रश्न आणखी जवळ आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ पासून ती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. गावोगावची गायराने आणि पडीक रान भाडेपट्ट्याने जात आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर साल तीन टक्के वाढ, हा दर ऐकून कोरडवाहू माणसाला मोह पडणे साहजिक आहे, आणि आम्ही मोडता घालणार नाही. सोळा आणे दुष्काळाच्या वर्षीही येणारे ते पैसे आहेत. पण पट्टा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. त्या पाट्यांच्या रांगांमध्ये ट्रान्सफॉर्मर बसतात, त्यांतही तेलच असते. आम्ही ज्या गावांचे कागद पाहिले त्यांत भाडे होते, कुंपण होते, रस्ता होता. तेलाबद्दल एक ओळ नव्हती. तीस वर्षांनी जमीन परत मिळेल तेव्हा खालची माती कशी असेल, हे कुणी लिहिले नव्हते. सही करण्यापूर्वी ते लिहून घेता येते. सही झाल्यावर फक्त अर्ज करता येतो.

काही ठिकाणी खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरतात. अमेरिकेत सोयाबीनच्या तेलापासून ते बनवतात. ते सहजासहजी पेट घेत नाही आणि मातीत लवकर कुजते. महाग असते म्हणून इथे कुणी बोलत नाही. आपले सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जाते तेव्हा हे आम्हाला हटकून आठवते.

त्या गावाचे पुढे काय झाले? विहीर तीनदा उपसली. तेल नाल्यात सोडू नका म्हणून आम्हीच ड्रम आणून दिले. एकरभर रानातली वरची माती खरवडून बाजूला ढीग केला, त्यात शेणखत आणि थोडा युरिया मिसळला, ओल राखली, दर पंधरवड्याला उलथली. तेल खाणाऱ्या जिवाणूंना याहून जास्त काही लागत नाही. मात्र वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी तिथे ज्वारी उगवली, कणसे आखूड. भरपाई अजून नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६७ मध्ये लिहिले आहे, की परवानाधारकाने कामात कमीत कमी नुकसान करावे आणि केलेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. दुसरे दार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आहे, त्याचे पश्चिमेचे पीठ पुण्यात आहे आणि भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या होत्या. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घाण करणाऱ्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसायचा. पण पुरावा लागतो. त्या शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली भरून सीलबंद केली नाही, पंचनामा केला नाही, फोटो काढला तो पाऊस ओसरल्यावर. आम्ही पोहोचलो तिसऱ्या दिवशी. चूक आमचीही, इतकी वर्षे संघटनेचे काम करून हे आम्ही कुणाला सांगितले नव्हते.

येत्या जिल्हा बैठकीत दोन ठराव ठेवत आहोत. एक, जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्रातल्या तेलटाक्याची पाण्याने परीक्षा मृगाआधी ग्रामपंचायतीच्या पंचांसमोर व्हावी. दोन, सौर प्रकल्पाला जमीन देताना ग्रामसभेने तेलटाके, जुन्या तेलाची पावती आणि जमीन परत करताना मातीची तपासणी या तीन अटी करारात घालाव्यात, नाहीतर ना-हरकत देऊ नये. बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर गावातल्या डीपी किती, त्यांतल्या गळक्या किती, विहिरीपासून प्रत्येकीचे अंतर किती पावले. उपकेंद्र असेल तर त्याच्या बाहेरचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते आणि त्या नाल्यावर कुणाकुणाच्या विहिरी आहेत, तेही लिहावे. पावले लहान पोरांकडून मोजून घेतली तरी चालतील.